लेहला विमानाने प्रथमच जाणाऱ्यांसाठी: तिकिटापासून परतीच्या उड्डाणापर्यंत

कामानिमित्त गेल्या सहा वर्षांत मला पुण्याहून लेहला अकरा वेळा विमानाने जावे लागले, आणि त्यांपैकी चार वेळा ठरलेल्या दिवशी पोहोचता तरी आले नाही किंवा परतता तरी आले नाही. दरवेळी विमानतळावर आपल्याकडची कुटुंबे, ट्रेकला निघालेली मुले, मुलाला किंवा जावयाला भेटायला चाललेले आईवडील भेटत आणि त्यांच्या अडचणी थोड्याफार फरकाने त्याच असत. लडाखच्या विमानप्रवासाचे वेळापत्रक शेवटी तिथली हवाच ठरवते, ही एक गोष्ट आधी कळली असती तर यांतल्या बहुतेकांचे पैसे आणि मनस्ताप वाचला असता. म्हणून हा सगळा क्रम, तिकीट काढण्यापासून घरी परतण्यापर्यंत, येथे लिहून ठेवत आहे.

१. कोठे उतरायचे ते आधी ठरवा

लडाखमध्ये विमान कंपन्यांची नियमित प्रवासी विमाने उतरतात ती लेहच्या कुशोक बकुला रिंपोचे विमानतळावर. तिकिटावर त्याची खूण ‘आयएक्सएल’ अशी असते. लडाखचे धर्मगुरू आणि लोकप्रतिनिधी असलेले व पुढे मंगोलियात भारताचे राजदूत म्हणून काम केलेले बकुला रिंपोचे यांचे नाव या विमानतळाला दिले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ३,२५६ मीटर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे, म्हणजे लेहची धावपट्टी जवळजवळ दोन कळसूबाईंइतक्या उंचीवर आहे.

ही धावपट्टी हवाई दलाची आहे आणि नागरी विमाने तिचा वापर करतात, ही बाब पुढच्या अनेक नियमांमागे आहे. तिचा जन्मच युद्धात झाला. १९४८ मध्ये लेहवर हल्ल्याचे सावट असताना सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या श्रमातून तेथे कच्ची धावपट्टी तयार केली आणि २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन तिच्यावर डाकोटा विमान उतरवले. लेहच्या सरकारी रुग्णालयाला याच सोनम नोर्बूंचे नाव आहे, ते लक्षात असू द्या, पुढे त्या रुग्णालयाचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

नकाशावर कारगिल, नुब्रा खोऱ्यातील थोइसे आणि पूर्व लडाखमधील न्योमा येथेही विमानतळाची खूण दिसते. थोइसे आणि न्योमा हे हवाई दलाचे तळ आहेत. कारगिलला धावपट्टी असली तरी विमान कंपन्यांची नियमित सेवा नाही, त्यामुळे ती खूण पाहून बेत आखू नये. हिवाळ्यात रस्ते बंद झाले की अडकलेल्या प्रवाशांसाठी हवाई दलाचे एएन-३२ विमान ‘कारगिल कुरिअर’ या नावाने चालवले जाते आणि प्रशासनाची हेलिकॉप्टर सेवाही असते, पण या दोन्ही सेवा प्रामुख्याने तेथील रहिवासी, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या गरजेसाठी आहेत. कारगिल किंवा द्रासला जायचे असल्यास श्रीनगरला उतरून जोजिला खिंडीतून सुमारे २०० किमी रस्त्याने जाणे, किंवा लेहला उतरून साधारण २१५ किमी मागे येणे, हे दोन मार्ग खुले राहतात. दिल्लीत राहणाऱ्या उंचीला न सरावलेल्या माणसाला मी श्रीनगरचा मार्ग सुचवीन, कारण त्यात उंची टप्प्याटप्प्याने वाढत जाते.

२. विमाने सकाळीच का असतात हे समजून घ्या

हा भाग वाचण्याचा कंटाळा करू नये, कारण पुढची प्रत्येक सूचना यावरच आधारलेली आहे.

उंचीवर हवा विरळ असते. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते आणि पंखांना तेवढीच उचल मिळवण्यासाठी विमानाला जमिनीवर अधिक वेगाने धावावे लागते. हवा तापली की ती आणखी विरळ होते. म्हणजे सकाळी सहा वाजता जे विमान भरल्या प्रवाशांनिशी उडू शकते, तेच दुपारी त्याच धावपट्टीवरून तेवढे वजन घेऊन उडू शकत नाही. शिवाय उन्हाने सिंधूचे खोरे तापले की दुपारी वारे जोर धरतात. चहूबाजूंनी डोंगर असल्यामुळे वैमानिकाला धावपट्टी आणि आजूबाजूची शिखरे डोळ्यांनी दिसणे आवश्यक असते, त्यामुळे ढग खाली आले किंवा बर्फ पडू लागले की उतरता येत नाही. या विमानतळासाठी वैमानिकांना वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. म्हणूनच लेहची बहुतेक विमाने पहाटे दिल्लीहून निघतात, सव्वा ते दीड तासात पोहोचतात आणि दुपार होण्याच्या आत परत फिरलेली असतात.

याचा प्रवाशाला होणारा परिणाम असा की, इतर ठिकाणी दोन तासांचा उशीर म्हणजे दोन तासांचाच उशीर असतो, लेहच्या बाबतीत मात्र दोन तासांच्या उशिराने पूर्ण दिवस जाऊ शकतो. डिसेंबर-जानेवारीत लेहचे आकाश निरभ्र असूनही विमान रद्द झाल्याचे ऐकून लोक चिडतात. अशा वेळी बहुधा दिल्लीतल्या पहाटेच्या धुक्यात विमान अडकलेले असते आणि धुके विरेपर्यंत लेहला उतरण्याची वेळ निघून गेलेली असते. उन्हाळाही निर्धोक नाही. २०२४ च्या जुलैअखेरीस लेहचे तापमान नेहमीपेक्षा बरेच वाढल्यामुळे अनेक उड्डाणे रद्द करावी लागली होती. त्या वेळी लोकांना ते खरेच वाटत नव्हते, पण वर सांगितलेले गणित पाहिले तर त्यात नवल नाही.

३. तिकीट काढणे

दिल्लीहून लेहला जाणारी विमाने सर्वांत जास्त, त्याखालोखाल श्रीनगर, जम्मू आणि चंडीगड येथून हंगामानुसार सेवा असते. इंडिगो, एअर इंडिया आणि स्पाइसजेट या कंपन्यांची नावे तुम्हाला शोधताना दिसतील. महाराष्ट्रातून जाणाऱ्या बहुतेकांचा प्रवास दिल्लीमार्गे होतो, आणि सर्वांत महागात पडणाऱ्या चुका येथेच होतात.

पहिली चूक म्हणजे पुणे-दिल्ली आणि दिल्ली-लेह अशी दोन वेगळी तिकिटे काढून मध्ये अडीच-तीन तासांचे अंतर ठेवणे. दोन्ही उड्डाणे एकाच पीएनआरवर असतील तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढची सोय करणे ही कंपनीची जबाबदारी राहते आणि सामानही थेट लेहपर्यंत जाऊ शकते. वेगळी तिकिटे असतील तर दुसरी कंपनी तुम्हाला ‘वेळेवर न आलेला प्रवासी’ समजते आणि तिकिटाचे पैसे बुडतात. त्यातच दिल्लीचे टर्मिनल १ हे टर्मिनल २ आणि ३ पासून काही किलोमीटर दूर आहे. मध्यरात्री सामान घेऊन, लहान मुलांना घेऊन एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला लागणारा वेळ कोणी हिशेबात धरत नाही. वेगळी तिकिटे काढणे भागच असेल तर आदल्या संध्याकाळी दिल्लीला पोहोचून मुक्काम करावा. त्या मुक्कामाचा खर्च लेहच्या नव्या तिकिटापेक्षा कमीच येतो.

दुसरी गोष्ट, सकाळचे सर्वांत पहिले विमान निवडावे. पहाटे तीनला उठावे लागते हे खरे, परंतु हवामान बिघडले तरी थोडी थांबण्याची मुभा पहिल्याच विमानाला मिळते.

तिसरी गोष्ट मोबाइल क्रमांकाची आहे आणि ती मी स्वतः भोगली आहे. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालते. एकदा माझे तिकीट एका प्रवास संस्थेने काढले होते आणि नोंदणीत माझ्याऐवजी संस्थेचा क्रमांक दिला होता. परतीचे उड्डाण रद्द झाल्याचा निरोप रात्री त्या क्रमांकावर आला, तो कोणी पाहिला नाही, आणि उणे बारा अंशांत पहाटे पाच वाजता विमानतळाच्या फाटकाशी मला ती बातमी कळली. तोवर दुसऱ्या दिवशीच्या शिल्लक जागा ज्यांना रात्री निरोप मिळाला होता त्यांनी घेतल्या होत्या. म्हणून तिकीट हाती येताच त्यावर नोंदलेला क्रमांक आणि ईमेल तपासावा. निदान घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड सिम असावे आणि तोच क्रमांक नोंदवावा. प्रीपेड क्रमांक असल्यास बँकेचे ओटीपीही येत नाहीत, म्हणजे ऐनवेळी नवे तिकीट काढणेही अडते.

मोठ्या गटाने जाणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. वीस-पंचवीस जणांचे तिकीट एकाच पीएनआरवर असेल आणि उड्डाण रद्द झाले, तर दुसऱ्या दिवशी एकाच विमानात तेवढ्या जागा मिळणे फार अवघड असते. अशा वेळी काउंटरवर पीएनआरची विभागणी करून मागावी आणि वयस्क मंडळींना आधी पाठवावे.

४. सोबत ठेवायची कागदपत्रे

पुढील गोष्टी एका पातळ पाकिटात, हातातल्या बॅगेत ठेवाव्यात:

— प्रत्येक प्रौढ प्रवाशाचे छायाचित्रासह मूळ सरकारी ओळखपत्र. त्यावरील नाव तिकिटावरील नावाशी जुळलेले असावे. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत हा घोळ वारंवार होतो.
— मुलांचे आधार कार्ड किंवा जन्मदाखला.
— तिकिटाची आणि बोर्डिंग पासची छापील प्रत. लेहला फोनचे नेटवर्क जाते, शिवाय थंडीत बॅटरी भराभर उतरते.
— औषधांची चिठ्ठी, आणि जुना आजार असल्यास डॉक्टरांचे प्रवासास हरकत नसल्याचे पत्र.
— प्रवास विमा काढला असेल तर त्याची प्रत. उड्डाण रद्द होणे आणि उंचीवरचा आजार, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत का हे घेतानाच पाहावे.

पँगाँग, नुब्रा वगैरे भागांसाठी लागणारी परवानगी वेगळी असते. विमानतळावर तिचा संबंध येत नाही.

५. सामान

देशांतर्गत प्रवासात साधारणपणे १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातले सामान अशी मर्यादा असते, परंतु आपल्या तिकिटावर छापलेला आकडाच प्रमाण मानावा. लेहहून परतताना वजनाची तपासणी काटेकोर असते, कारण वर सांगितल्याप्रमाणे तेथे प्रत्येक किलोचा उड्डाणाशी संबंध असतो. तापमान वाढले तर काही सामान मागे ठेवून पुढच्या विमानाने पाठवले जाते. त्यामुळे औषधे, चष्मा, एक जाड स्वेटर आणि एक दिवसाचे कपडे नेहमी हातातल्या बॅगेत ठेवावेत. जर्दाळू आणि लोकरीच्या शाली यांची खरेदी करताना हे वजन आठवावे.

अनेक जण घरून निघताना ऑक्सिजनचे छोटे डबे विकत घेतात. ते विमानात, कोणत्याही बॅगेत, नेता येत नाहीत आणि सुरक्षा तपासणीत काढून घेतले जातात. लेहच्या बाजारात ते मिळतात, तेथेच घ्यावेत. स्वयंपाकाच्या छोट्या गॅस टाक्या, लायटर आणि आगपेटी यांनाही मनाई आहे, ट्रेकला जाणाऱ्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पॉवर बँक चेक-इन बॅगेत ठेवू नये, ती हातातल्या बॅगेतच हवी.

६. विमानात आणि उतरल्यावर

हिमालयाच्या रांगा खिडकीतून अगदी जवळ दिसतात आणि उतरताना धावपट्टीशेजारच्या टेकडीवर स्पितुकचा गोम्पा (बौद्ध मठ) दिसतो. हे दृश्य डोळ्यांत साठवावे. विमान खाली येऊ लागले की कॅमेरा बंद करावा, कारण तळावर आणि धावपट्टीवर छायाचित्रणास मनाई आहे. कर्मचाऱ्यांनी खिडक्यांचे पडदे लावायला सांगितले तर लगेच लावावेत. जवानांनी फोनमधले फोटो पुसायला लावल्याचे प्रसंग मी पाहिले आहेत आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

एक गोष्ट येथे वेगळी घडते. इतर ठिकाणी विमान उतरताना केबिनमधला हवेचा दाब वाढत जातो. लेहची धावपट्टी मात्र केबिनमध्ये राखल्या जाणाऱ्या दाबाच्या उंचीपेक्षाही वर असल्यामुळे दार उघडते तेव्हा तुम्ही विमानातल्यापेक्षा विरळ हवेत पाऊल टाकता. त्यामुळे शिडीवरून सावकाश उतरावे, बॅग उचलून धावू नये, आणि पट्ट्यावरून जड सामान काढताना घाई करू नये. टॅक्सी संघटनेचे दर ठरलेले असतात आणि मुख्य बाजार तेथून जवळच आहे.

७. पहिले ४८ तास

विमानाने जाणाऱ्याने सर्वांत गांभीर्याने घ्यायची गोष्ट हीच आहे. रस्त्याने येणाऱ्याला दोन-तीन दिवसांत मिळणारी सवय विमानप्रवाशाला मिळतच नाही. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरून निघालेला माणूस काही तासांत सुमारे ३,५०० मीटरवरच्या शहरात येतो, जेथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश प्राणवायू असतो. गंमत अशी की पहिले काही तास बरे वाटते. त्रास बहुधा संध्याकाळी किंवा रात्री सुरू होतो, आणि बरे वाटते म्हणून दुपारीच लेहचा राजवाडा चढून आलेली मंडळी रात्री डोके धरून बसतात.

म्हणून पहिले दोन दिवस केवळ विश्रांतीचे ठेवावेत. पाणी पीत राहावे, हलका आहार घ्यावा, मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही प्राथमिक लक्षणे आहेत, ती असताना आणखी उंचीवर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे धोक्याची आहेत, त्यांत फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता थेट सोनम नोर्बू रुग्णालयात जावे. तेथील डॉक्टरांना या आजाराचा अनुभव रोजचा आहे. उंचीवरचा त्रास टाळण्यासाठी दिली जाणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी निघण्यापूर्वी सुरू करायची का, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे.

हृदय किंवा फुप्फुसाचा आजार, अनियंत्रित रक्तदाब, तीव्र रक्तक्षय आणि गरोदरपण यांत डॉक्टरांच्या संमतीशिवाय तिकीटच काढू नये. नंदुरबार, गडचिरोली, अमरावती आदी भागांतील वाचकांसाठी मुद्दाम लिहितो: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना, आणि कधीकधी केवळ वाहक असलेल्यांनाही, एवढ्या उंचीवर गंभीर त्रास होऊ शकतो. ही तपासणी आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत होते. ती जाण्यापूर्वी करून घ्यावी.

८. उड्डाण रद्द झाले तर

कंपनीने उड्डाण रद्द केल्यास दुसरे उड्डाण घ्यायचे की पूर्ण पैसे परत घ्यायचे, ही निवड तुमची असते. हवामानामुळे रद्द झाल्यास त्यावर नुकसानभरपाई मिळत नाही, आणि हॉटेलचा खर्च कंपनी देईल असे धरून चालू नये. क्रम असा ठेवावा: एकाने काउंटरच्या रांगेत उभे राहावे, दुसऱ्याने त्याच वेळी कंपनीच्या अ‍ॅपवर जागा शोधावी, आणि तिसऱ्याने राहत्या हॉटेलला फोन करून खोली धरून ठेवावी. मे-जूनमध्ये दुसऱ्या दिवशीची विमाने आधीच भरलेली असतात, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात जो हालचाल करतो त्यालाच जागा मिळते. पैसे परत घेण्याचा पर्याय रागाच्या भरात निवडू नये. नवे तिकीट दुप्पट-तिप्पट दराने घ्यावे लागू शकते.

उन्हाळ्यात रस्त्याचा पर्याय असतो. कारगिलला मुक्काम करून श्रीनगर, किंवा सरचू-केलाँगमार्गे मनाली, दोन्हीकडे दोन दिवस धरावेत. हिवाळ्यात खिंडी बंद असताना वाट पाहणे हाच मार्ग राहतो. क्वचित कारण हवामानापलीकडचेही असते. मे २०२५ मध्ये सीमेवरील तणावामुळे लेहसह उत्तर आणि पश्चिम भारतातील ३२ विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीसाठी बंद होते.

या सर्व कारणांमुळे परतीनंतर निदान एक, हिवाळ्यात दोन दिवस मोकळे ठेवावेत. परीक्षा, लग्न, शस्त्रक्रियेची तारीख किंवा परदेशी जाणारे विमान लेहहून परतण्याच्या दिवशीच ठेवू नये.

९. परतीची सकाळ

आदल्या रात्रीच बिल चुकते करून टॅक्सी सांगून ठेवावी आणि उड्डाणाच्या अडीच तास आधी विमानतळावर पोहोचावे. तपासणी एकाहून अधिक ठिकाणी होते. चेक-इन केलेली बॅग विमानाजवळ जाऊन ओळखून दाखवायला सांगितले तर ते केल्याशिवाय पुढे जाऊ नये, न ओळखलेली बॅग मागे राहते. हातातल्या प्रत्येक बॅगेच्या टॅगवर तपासणीचा शिक्का बसला आहे का तेही पाहून घ्यावे. प्रतीक्षागृह लहान आहे आणि दोन-तीन विमानांचे प्रवासी एकदम जमतात, तेव्हा फलकापेक्षा घोषणांकडे कान ठेवावेत. पाण्याची रिकामी बाटली, थोडा सुका मेवा आणि उबदार जाकीट वरच ठेवावे. दिल्लीत उतरेपर्यंत ते सामानात बांधू नये, कारण विमान थांबले तर तीच थंडी पुन्हा काढावी लागते.